शब्दचर्चा: ‘पहिली आवृत्ती’ म्हणजे नेमकी कुठली?

भुयारी: दिवाळी अंकासाठी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या, काल्पनिक जगातल्या पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाच्या इतिहासावर लिहितोय. लेखात एक वाक्य आहे: ‘पहिल्या आवृत्तीत हॉबिट होते, पुढे हक्कांच्या कटकटीमुळे त्यांचे हाफलिंग झाले.’ (हॉबिट म्हणजे टॉल्किनच्या कादंबऱ्यांतले बुटके लोक.) मित्राने खेळाचं १९७८ चं नियमपुस्तक, ‘प्लेयर्स हँडबुक’, समोर ठेवलं. म्हणाला, ही घे पहिली आवृत्ती, दाखव हॉबिट. कोण चुकतंय?

शाईचे डाग: दोघेही बरोबर आहात, घोळ शब्दाचा आहे. जानेवारी १९७४ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाहून टीएसआर या प्रकाशन कंपनीने हा खेळ काढला. लाकडासारख्या दिसणाऱ्या कागदाचा खोका, आत तीन पुस्तिका, पहिल्या खेपेला हजार प्रती. त्याला खेळाडू ‘ओरिजिनल’ म्हणतात. ‘फर्स्ट एडिशन’ म्हणतात ते खेळाच्या वाढीव नियमांच्या, १९७७ पासून निघालेल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’च्या पुस्तकांना. म्हणजे त्यांची पहिली ती खरी पहिली नव्हेच. मराठीत नुसतं ‘पहिली आवृत्ती’ लिहिलंत तर वाचक १९७४ च समजणार.

तिरकस: त्यात आणखी एक मेख. १९७४ चा तोच खोका पुढे अनेकदा छापला. आधीच्या छपायांत हॉबिट आहेत, नंतरच्या छपायांत हाफलिंग. त्याच सपाट्यात टॉल्किनच्याच एंटचा, म्हणजे चालत्याबोलत्या झाडाचा, ट्रीएंट झाला. त्यामुळे हातातली प्रत कितव्या छपाईची, हे पाहिल्याशिवाय ‘मूळ पुस्तकात असं आहे’ म्हणू नये.

भुयारी: मग ‘आवृत्ती’ कुठे वापरू आणि ‘मुद्रण’ कुठे?

शाईचे डाग: मजकूर बराच बदलला तर आवृत्ती, तोच मजकूर, फार तर चार शब्द बदलून, पुन्हा छापला तर पुनर्मुद्रण. निदान पुस्तकाच्या श्रेयपानावर तरी हे पाळावं. आपल्याकडे नुसती छपाई करून ‘चौथी आवृत्ती’ ठोकून देतात ते वेगळं.

मोडी: त्या बिचाऱ्यांना अगदीच झोडपू नका. आवृत्ती आणि आवर्तन एकाच धातूतून आले, पुन्हा फिरून येणं हाच अर्थ. अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करताना कुणी मधेच शब्द बदलतं का? मुळात ‘आवृत्ती’त बदल नव्हताच, तो छापखान्याच्या काळात चिकटला. पण आता चिकटलाय, तर तुमच्या लेखात शाईचे डाग म्हणतात तसंच करा. हॉबिटवाल्या वाक्यात ‘सुरुवातीची मुद्रणं’ हवं.

तिरकस: हा नुसता कीस नाही बरं. १९७४ च्या पुस्तिकांवर खेळाच्या दोन्ही कर्त्यांची, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन अशी, नावं आहेत. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’च्या पुस्तकांवर लेखक म्हणून एकटे गायगॅक्स. आर्नसन १९७९ मध्ये कोर्टात गेले, १९८१ मध्ये तडजोड झाली. आता ‘पहिल्या आवृत्तीचे लेखक गॅरी गायगॅक्स’ असं लिहून बघा. खेळाडूंच्या भाषेत वाक्य बिनचूक, आणि आर्नसन इतिहासातून गायब!

भुयारी: बाप रे. अगदी हेच वाक्य तिसऱ्या परिच्छेदात आहे. काढतो. आणि खेळ चालवणाऱ्याला मी सगळीकडे ‘सूत्रधार’ म्हटलंय, ते चालेल ना?

शाईचे डाग: शब्द झकास आहे, पण १९७४ च्या परिच्छेदात नको. त्या पुस्तिकांत ‘रेफरी’ आहे, ‘डंजन मास्टर’ नंतर आला. खोक्यावरही हे ‘वॉरगेम’च्या मोहिमांचे नियम आहेत असंच छापलंय, ‘रोल-प्लेइंग’ हा शब्द नाही. तिथे ‘पंच’ लिहा. सूत्रधार पुढच्या परिच्छेदात येऊ दे.

मोडी: आणि ‘डंजन’ला अंधारकोठडी करू नका. कोठडीत माणूस अडकून पडतो, इथे लोक आपणहून मशाली घेऊन उतरतात. भुयारच बरं.

भुयारी: ते माझ्या नावातच आहे की! पण तिसऱ्या पुस्तिकेच्या नावात ‘अंडरवर्ल्ड’ आहे, त्याचं काय करू?

तिरकस: तसंच ठेवलंत तर मुंबईचा वाचक डोंगरीला पोचेल. ‘पाताळ’ करा.