अनुभव धागा: चर्च, बाजार आणि राजकारण

सदरकर: या रविवारी चर्चमध्ये मत्तय २० वाचलं. द्राक्षमळ्यातले मजूर. सकाळपासून राबलेल्याला आणि दिवस कलताना आलेल्याला सारखाच एक दिनार. एकदम नागपूरचं आमचं हिस्लॉप कॉलेज आठवलं. अर्थशास्त्राचे सर म्हणायचे, "मालक म्हणतो माझ्या पैशाचं काय करायचं ते मी ठरवीन. मुक्त बाजार अजून काय असतो?" घरी आमचे मोठे बाबा मिलमधले लाल बावटावाले. ते म्हणायचे, "अरे, सगळ्यांना पोटापुरतं दिलं, हेच किमान वेतन!" दोघंही एकाच चर्चचे, मागच्यापुढच्या बाकावरचे. तुमच्याकडे असं काही?

संत्राबर्फी: मोठ्या बाबांचंच बरोबर. दिनार म्हणजे त्या काळची दिवसाची मजुरी. उशिरा आलेल्याच्या घरीही चूल पेटायचीच असते ना.

अर्धवट_वकील: आमच्या फादरांनी पोप तेरावे लिओ यांचं १८९१ चं पत्र समजावलं होतं. कामगारांनी संघटना कराव्या, पण खासगी मालमत्ताही राहू द्यावी. पप्पा पहिला भाग ऐकून आले, भाऊ दुसरा. वरण गार झालं, वाद नाही.

निवृत्तबाई: ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाईंनी १९८८ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेत पौलाचं वचन ऐकवलं, काम न करील त्याने खाऊ नये. मॉडरेटरने, म्हणजे महासभेच्या अध्यक्षाने, त्यांना गरिबी आणि घरांवरचे अहवाल हातात दिले!! ज्यांच्या नावाचं कॉलेज ते आपले मिशनरी हिस्लॉपसाहेबही स्कॉटिश, पण फ्री चर्चचे. जमीनदाराने पाद्री लादायचा का, यावरून १८४३ ला चर्च ऑफ स्कॉटलंडमधून फुटलेलं ते. त्यांचे पुढारी चाल्मर्स गरिबांसाठीच्या सक्तीच्या कराविरुद्ध, चर्चने आपले गरीब सांभाळावे म्हणणारे. म्हणजे हा वाद नागपुरात जहाजातूनच आला म्हणा. थांबा, कुकर झाला.

बर्डीचा_बंड्या: काम न करील त्याने खाऊ नये, हे आमच्या कूलरसमोर लोळून राहिलेल्या पोट्ट्याले वाचून दाखवतो 😂

साधा_माणूस: तुम्ही बाजाराचं बोलून राहिले, आमचं जातीच्या दाखल्यापाशीच अडकते. आमचं घर ख्रिस्ती, चुलत घराणं १९५६ ला दीक्षाभूमीवर गेलं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात आम्ही ख्रिस्ती म्हणून अनुसूचित जातीत बसत नाही, बौद्धांना १९९० ला घेतलं. काका-पुतणे एकाच वस्तीतले, फॉर्म वेगळे. उमेदवार नाताळला येतो, केक खातो, हा विषय काढला की घड्याळ पाहतो.

सदरकर: भाऊ, हे खरं.

संत्राबर्फी: केकवरून, बिनअंड्याचा प्लम केक सदरमध्ये कुठे मिळेल? सासूबाईंना पाहिजे.

बर्डीचा_बंड्या: वहिनी, आतापासून? अजून संत्री यायची आहेत बाजारात.