राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना: आशीर्वाद मागायचा की न्याय?

मोगरा: दर रविवारी चर्चच्या उपासनेत, मध्यस्थीच्या म्हणजे इतरांसाठी करायच्या प्रार्थनेत, एक वाक्य ठरलेलं असतं: 'आमच्या राज्यकर्त्यांना आशीर्वादित कर.' आमेन म्हणून आपण आजाऱ्यांच्या यादीकडे वळतो. मला हे फार खटकतं. बायबलमधलं स्तोत्र 72 ही राजासाठीचीच प्रार्थना, पण तिची पहिली मागणी न्यायाची आहे. मग चौथ्या वचनात दीनांचा कैवार, जुलम करणाऱ्याचा चुराडा. दीर्घायुष्य, शबा देशाचं सोनं, दूरच्या राजांचे नजराणे हेही त्यात आहे, पण 12 वं वचन 'कारण' म्हणून सुरू होतं: कारण धावा करणाऱ्या दरिद्र्याला तो सोडवतो. आपण ते कारणच गाळतो.

जुना सेवक: ताई, प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (1 तीमथ्य 2) अशी अट घातली का? राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी विनंत्या, प्रार्थना, वर उपकारस्तुतीसुद्धा! तेव्हा गादीवर रोमी सम्राट होता, ख्रिस्ताला न मानणारा. बाबेलात (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या यहुदी बंदिवानांनाही यिर्मया संदेष्ट्याने कळवलं की त्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करा (29:7). ज्यांनी यांना देशोधडीला लावलं त्यांचं ते नगर. आमच्या मंडळीत एका निवडणुकीनंतर दोन घरं एका बाकावर बसेनाशी झाली. प्रार्थनेत कोण चांगला, कोण वाईट हे ठरवायला लागलो तर हेच होणार. निवाडा देवावर सोडा.

वसईची लेक: दादा, एकोपा हवा हे मान्य. पण दक्षिण आफ्रिकेतल्या ख्रिस्ती लोकांपुढे हाच प्रश्न 1985 मध्ये उभा राहिला. तिथलं वर्णभेदी सरकारही 'अधिकाऱ्यांच्या अधीन राहा' सांगणाऱ्या, पौलाच्या रोमकरांस पत्राच्या 13 व्या अध्यायाचा आधार घ्यायचं. 16 जून 1985 ला, सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या विद्यार्थ्यांच्या उठावाला नऊ वर्षं झाली त्या दिवशी, अन्यायी राजवटीचा अंत व्हावा म्हणून प्रार्थना करण्याची हाक तिथल्या चर्चमधल्या काहींनी दिली. ख्रिस्ती लोकांतच केवढा वाद झाला! 'सरकार पडो अशी प्रार्थना करताच कशी?' मला विचाराल तर त्यांनी 72 वं स्तोत्रच नीट वाचलं होतं. दीनांना सोडव म्हटलं की दडपणाऱ्याचा हात आवर, हे त्यात आलंच.

जुना सेवक: जुना ख्रिस्ती लेखक तेर्तुल्यन, त्याचं काय मग? इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या शेवटी, ख्रिस्ती लोकांचा छळ चालू असताना, त्याने लिहिलं की आम्ही सम्राटासाठी दीर्घायुष्य, सुरक्षित राज्य, निष्ठावंत संसद मागतो. उलट प्रार्थना नाही केली.

मोगरा: आणि त्याच लेखात त्याने सम्राटाला देव म्हणायला साफ नकार दिला! प्रार्थना त्याच्यासाठी, त्याला नव्हे. तो माणूस आहे, चुकू शकतो, म्हणून तर प्रार्थना लागते. शलमोन राजाचंच बघा. 72 व्या स्तोत्राच्या शीर्षकात त्याचं नाव आहे, आणि त्याच्याच वेठबिगारीने लोक इतके पिचले की तो वारल्यावर त्याच्या मुलाकडे, रहबामाकडे जाऊन 'जू हलकं कर' म्हणाले (1 राजे 12). उत्तर काय मिळालं? बापाने चाबकांनी मारलं, मी विंचवांनी मारीन. राज्य दुभंगलं.

आमच्या मंडळीतल्या एक आजी गेले चार महिने सातबाऱ्यावर नाव चढवायला हेलपाटे घालतायत. परवा प्रार्थनेला उभ्या राहिल्या. पदराच्या गाठीत अर्जाची घडी होती. म्हणाल्या, 'बापा, त्या साहेबाला बरं ठेव, आणि माझा कागद त्याच्या नजरेस पडू दे.' एवढंच. आशीर्वाद आणि न्याय एका दमात. माझ्या मते स्तोत्रकर्त्याला हेच हवं होतं.

जुना सेवक: आजींच्या प्रार्थनेला मी आमेन म्हणतो. त्यात साहेबाबद्दल कडवटपणा नाही, ते मला फार भावलं. पडो, मरो असं मात्र माझ्या तोंडून निघणार नाही.

मोगरा: माझ्याही नाही. या रविवारी मध्यस्थी माझ्याकडे आहे. आधी 72:4 वाचते, मग अधिकाऱ्यांची नावं घेते.

जुना सेवक: नावं नको, पदं घ्या. चौथं वचन मात्र सावकाश वाचा, मागच्या बाकांपर्यंत ऐकू जाईल असं.