मदत हवी आहे: नागपुरात परवडणारी इलेक्ट्रिक गाडी कोणती घ्यावी?

मंडळी नमस्कार. मी मानेवाड्याला राहते, नोकरी बुटीबोरीला. रोजचं येणं-जाणं साधारण ५० किमी. जुनी पेट्रोल गाडी आता थकली आहे. बजेट १० लाखांच्या आत, तेही कर्ज काढूनच.

टाटाची टियागो ईव्ही आणि एमजीची कॉमेट, दोन्ही पाहिल्या. कॉमेट गर्दीत चालवायला फार आवडली, पण दारं दोनच. मागे बसायला पुढची सीट सरकवावी लागते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ती दाराला धरून क्षणभर तशीच उभी राहिली, तेव्हाच मन टियागोकडे झुकलं.

आता अडलंय ते बॅटरीवर. १९.२ किलोवॅट-तास पुरेल की २४ चीच घ्यावी? महिन्यातून एकदा अमरावतीला माहेरी जाते, एका बाजूने १५० किमी. आणि आपला मे महिना! पारा ४५ वर, एसी सतत चालू, गाडी कंपनीत दिवसभर उन्हात. अशा वेळी एका चार्जमध्ये प्रत्यक्षात किती किमी मिळतात? कागदावरचा आकडा नको, तुमचा अनुभव सांगा.

घरी १५ अँपिअरचा प्लग आहे, पण वायरिंग जुनं. रात्रभर चार्जिंगला लावण्याआधी अर्थिंग तपासून काय-काय बदलून घेतलंत, तेही नक्की कळवा. दसऱ्याला गाडी दारात यावी अशी आईची फार इच्छा आहे.