पुण्याला जाण्याआधी तालुक्यातच विचारा
ताई, मुलगा सहा वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला), आणि थेरपीसाठी दर आठवड्याला पुण्याला नेणं झेपत नाही, असं तुम्ही लिहिलंत. वाचून जीव कळवळला. माझ्या भाचीच्या वेळी आम्हीही अशीच दोन वर्षं धावपळ केली. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे, म्हणजे दिव्यांग मुलांना इतर मुलांसोबत शिकता यावं म्हणून मदत करणारे, विशेष शिक्षक असतात, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं! आधी त्यांना भेटा. शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलांसाठी समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेत घरी येऊन शिकवण्याची तरतूद आहे, तीही विचारा.

यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज लगेच करा. त्यावर ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व नोंदलं गेलं, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षण हा त्याचा हक्क आहे. 'आमच्याकडे सोय नाही' असं मुख्याध्यापक म्हणाले, तर प्रवेशाचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी नकारावर परत फिरू नका.

निरामय हा दिव्यांगांसाठीचा सरकारी आरोग्य विमाही बघा. स्वमग्नता त्यात बसते, वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण मिळतं.

आणि तुम्ही स्वतः नीट झोपताय ना? माझी बहीण धरून चार आया शनिवारी दोन तास आळीपाळीने एकमेकींची मुलं सांभाळायच्या. त्या दोन तासांनी तिला खूप सावरलं.