खिजडियाला अठरा जणांचा गट: तारीख, भरतीची वेळ आणि बांधावर चालायची पद्धत

कारेलीबागकर
नमस्कार मंडळी. सोसायटीतले आणि नात्यातले मिळून अठरा जण होतोय. त्यात पाच मुलं (आठ ते तेरा वर्षांची) आणि दोन सत्तरीपुढचे आजोबा. बडोद्याजवळचं वढवाणा सगळ्यांच्या पायाखालचं आहे, पण समुद्रकाठचे पक्षी कुणीच नीट पाहिलेले नाहीत, म्हणून जामनगरजवळचं खिजडिया पक्षी अभयारण्य ठरवतोय. विचार असा आहे: त्रिपुरी पौर्णिमेला लागून येणारा शनिवार-रविवार, रात्री बडोद्याहून सौराष्ट्र मेल, सकाळी जामनगर, एक मुक्काम, दुसऱ्या रात्री परत. दुर्बिणी सहा, स्पॉटिंग स्कोप (तिकाटण्यावरची एका डोळ्याची दुर्बीण) एक.

विचारायचंय ते हे: तारीख बरोबर आहे का, कोणत्या वेळी कुठे उभं राहायचं, आणि एवढी माणसं पक्षी न उडवता कशी न्यायची?

आखातवाला
तारखेपासून सुरुवात करतो. पौर्णिमा भरतीच्या दृष्टीने उत्तम, गाडीच्या दृष्टीने वाईट. ही गाडी पुढे द्वारकेवरून ओख्याला जाते. पूनम भरायला (पौर्णिमेच्या दर्शनाला) जाणारे यात्रेकरू आणि दिवाळीच्या सुट्टीतली गर्दी एकत्र येते, तेव्हा अठरा जागा मिळणं कठीण. त्यापेक्षा कार्तिक अमावास्येनंतरचा शनिवार-रविवार घ्या. उधाण (मोठी भरती) अमावास्येलाही तेवढंच येतं, शिवाय तोवर बदकांची संख्या वाढलेली असते. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणजे तुमची तीन तिकिटं. तिघांनी एकाच वेळी बसून काढा. तिकिटाआधी वनखात्याकडे प्रवेशाची वेळ आणि शुल्क विचारून घ्या.

आता जागा समजून घ्या, कारण वढवाण्याची सवय इथे आड येते. वढवाणा म्हणजे गायकवाडी राजवटीत १९१० साली बांधलेला गोड्या पाण्याचा तलाव. तिथे फक्त सूर्य सांभाळायचा. खिजडियाला स्वातंत्र्यापूर्वी समुद्राचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून बांध घातले गेले. रुपारेल आणि कालिंद्री नद्यांचं पाणी आतल्या बाजूला अडतं. त्यामुळे बांधाच्या एका अंगाला कमळं-पाणवनस्पतींचं गोडं पाणी, दुसऱ्या अंगाला मिठागरं, तिवरं आणि चिखलाची खाजणं. (वढवाणा रामसर यादीत २०२१ मध्ये आलं, खिजडिया २०२२ मध्ये.) गोड्या बाजूचे पक्षी घड्याळाने चालतात, खाऱ्या बाजूचे भरतीने.

ओहोटीला तुतवार, चिखल्ये, कोरल हे चिखलात चरणारे पक्षी मैल-दीड मैल लांब चिखलावर पसरलेले असतात. स्कोपमधूनही ठिपकेच दिसतात. पाणी चढू लागलं की चिखल झाकला जातो आणि ते थव्याथव्याने आत, मिठागरांच्या उथळ वाफ्यांत येऊन बसतात. म्हणून भरतीच्या दोन तास आधी खाऱ्या बाजूला जागा धरून बसायचं. अष्टमीच्या भांगाला (लहान भरतीला) पाणी तेवढं चढत नाही, वरचा चिखल उघडाच राहतो, मग पक्षी आत येतच नाहीत. गटाचा दिवस वाया जातो तो बहुतेक ह्याच कारणाने.

मिठागर_दादर
भरतीची वेळ काढायला कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पंचांग खिशात असलं की झालं.

आखातवाला
मुंबई-कोकण किनाऱ्याला तो हिशेब ढोबळमानाने जमतो, इथे त्यावर विसंबू नका. कच्छच्या आखातात भरती तोंडाशी ओख्याला आधी पोचते, मग सिक्का, बेडी आणि सगळ्यात शेवटी नवलखी. शिवाय दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. सिक्का किंवा बेडी बंदराचं भरतीचं कोष्टक बघा आणि नुसती वेळ नको, उंचीही लिहून घ्या.

उधाणाच्या दिवसांत एका ठिकाणची भरती दर खेपेला साधारण त्याच सुमाराला येते. तिकडे ती दुपारी असते, पुढच्या दिवशी सुमारे पन्नास मिनिटं उशिरा. तुमच्या गाडीला हे सोयीचं आहे. पहिल्या दिवशी सकाळी उतरून, आंघोळी-नाश्ता आटोपून अकराच्या आत खारी बाजू. समुद्र उत्तरेला आहे आणि नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणजे खाजणाकडे तोंड केलं की ऊन पाठीवर. अडचण एकच: दुपारी तापलेल्या मिठागरावर हवा थरथरते. स्कोप ६० पटीवर नेलात तर प्रतिमा पाण्यासारखी हलेल. २० ते २५ पटीवर ठेवा आणि जवळचा वाफा निवडा.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोडी बाजू. जामनगरचा सूर्योदय बडोद्यापेक्षा दहा-बारा मिनिटं उशिरा, त्या सुमाराला सातच्या थोडा पुढे. बदकं, वारकरी (कूट), जांभळ्या पाणकोंबड्या, चित्रबलाक, झोळीवाले (पेलिकन) आणि नशीब असेल तर रात्रीच्या मुक्कामावरून उठणारे क्रौंच सकाळच्या पहिल्या दोन तासांतच बघा.

रावपुरा_ताई
अठरा जणांचं सांगते. एकत्र नेऊच नका. सहा-सहाचे तीन गट, प्रत्येकात पुढे एक जाणता, मागे एक राखणारा. दोन गटांत दोनशे पावलांचं अंतर. सहा दुर्बिणी म्हणजे गटाला दोन. आणखी दोन-तीन उसन्या मिळवा. मोठ्यांना ८×४२ (आठ पट, ४२ मिमी भिंग), मुलांना ८×३० हलकी पडते. आदल्या रविवारी वढवाण्याला सगळ्यांना दोन्ही डोळ्यांचा फोकस जुळवायला शिकवा, नाहीतर मुलांची अर्धी सकाळ “मला दिसत नाही” म्हणण्यात जाते.

बांधावर गडबड कुठे होते ते लक्षात ठेवा. बांध उंच आणि सपाटीवर एकटा. त्याच्या माथ्यावर उभा माणूस पक्ष्याला आभाळावर कोरल्यासारखा दिसतो. झुडपाच्या किंवा निरीक्षण मनोऱ्याच्या आडोशाला थांबा, आडोसा नसेल तर खाली बसा. थव्याच्या दिशेने सरळ चालू नका, तिरपे जा आणि पन्नास पावलांवर थांबत जा. रोहित (फ्लेमिंगो) खायचं सोडून माना ताठ करतात आणि सगळे एकाच दिशेला चालू लागतात तेव्हा तुम्ही फार जवळ आलात. त्याच क्षणी मागे व्हायचं. भरतीच्या वेळी तर जास्तच जपा. चिखल बुडालेला असताना हे पक्षी विश्रांतीला आलेले असतात आणि उडवले तर बसायला दुसरी जागा जवळ नसते. लांबचा प्रवास करून आलेल्या जिवाची ती ताकद फोटोसाठी खर्चायला लावणं मला अजिबात पटत नाही. मोबाइलवर आवाज वाजवणं, ड्रोन, दगड मारणं ह्यांतलं काही करायचं नाही, हे तिकिटं काढण्याआधीच सगळ्यांकडून कबूल करून घ्या.

मिठागरात उतरू नका. वरची पांढरी पापडी कोरडी दिसते, खाली घोट्याएवढा चिखल असतो, आणि वाफ्यांचे छोटे बांध पायाने फुटले की अगरियांचं (मीठ पिकवणाऱ्यांचं) नुकसान होतं. जुने स्पोर्ट्स शूज पुरेत. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, मातकट-खाकी कपडे. आजोबांसाठी दोन घडीच्या खुर्च्या. स्वच्छतागृह प्रवेशद्वाराशीच उरकून निघा, पुढे आडोसा नाही.

दिशा सांगायला घड्याळ वापरा: पाण्याकडे तोंड, समोर बारा. “दोन वाजता, तिवराच्या डावीकडे” असं म्हटलं की सहाही माणसं एकाच पक्ष्यावर येतात. बोट दाखवलं की कुणीच येत नाही आणि पक्षी उडतो.

भोवत्या
ओळखीचं थोडं. ह्या दिवसांत बरेच नर बदक अजून मादीच्या रंगात असतात, त्यामुळे रंगावरून नाव सांगू नका. थापट्याची फावड्यासारखी चोच, तलवार बदकाची लांब मान आणि राखी चोच, मलिन बदकाच्या पंखावरचा पांढरा चौकोन, चक्रांगाचा हिरवा पट्टा ह्यांवर जा.

खाऱ्या बाजूला पक्षी उडताना बघणं महत्त्वाचं. टिटवीहून थोड्या लहान, लाल पायांच्या टिलव्याच्या पंखाची मागची कड पांढरी असते, हिरव्या पायांच्याची नसते. मोठा आणि लांब सरळ चोचीचा गॉडविट असेल तर पंखावरचा पांढरा पट्टा बघा. पट्टा ठळक असला तर काळ्या शेपटीचा, नसला तर पट्टेरी शेपटीचा. हा दुसरा खरा समुद्रकाठचा. कोरल आणि त्याच्याहून लहान व्हिम्ब्रेल ह्यांत डोक्यावरचे गडद पट्टे व्हिम्ब्रेललाच.

थवा मोजताना आधी दहा पक्षी नीट मोजा, तेवढा तुकडा नजरेत धरा, मग तसे किती तुकडे बसतात ते बघा. दोघांनी वेगवेगळ्या टोकांकडून मोजावं. ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) गोड्या आणि खाऱ्या बाजूची यादी वेगळी करा. तिन्ही गट त्याच बांधावर असतील तर एकच यादी करून सर्वांना पाठवा, नाहीतर तेच रोहित तीनदा नोंदले जातील.

कारेलीबागकर
खूप उपयोगी. अमावास्येनंतरची तारीख पक्की करतोय. दोन प्रश्न उरले: पहिल्या संध्याकाळी मुलांना काय दाखवावं? आणि खाऱ्या हवेत स्कोपची काळजी कशी घ्यावी?

रावपुरा_ताई
मुलांना जामनगरातल्या लाखोटा तलावावर न्या. कुरव (गल) अगदी जवळ येतात, पहिल्या वर्षाचं पिल्लू आणि मोठा पक्षी ह्यांतला फरक दुर्बिणीशिवाय शिकता येतो. लोक त्यांना गाठिया टाकत असतात, तुमच्या मुलांना ते करू देऊ नका. तळलेलं, खारट खाणं त्यांच्या पोटाचं नाही.

आखातवाला
भिंग कोरडं पुसू नका, मिठाचा कण काचेवर ओरखडा काढतो. आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग गोड्या पाण्याने किंचित ओलं केलेलं मऊ कापड. ट्रायपॉडचे पाय त्याच रात्री गोड्या पाण्याने धुऊन, उघडेच वाळवा. मिटून ठेवलेत तर पेच गंजून अडकतात.