फाल्गुन-चैत्रात सोलापूरच्या बागेत आवाज येतो, पण पक्षी दिसत नाही

होटगी_रोड: सकाळी सिद्धेश्वर तलाव आणि किल्ल्याच्या बागेत फिरायला जातो. सध्या ‘टुक-टुक-टुक’ असा एकसुरी आवाज सतत कानावर येतो, पण मान वर करून शोधलं तरी पक्षी सापडत नाही. हा कोणता? आणि दुर्बीण घ्यायची तर कोणती?

माळरान: तो तांबट. चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा. कपाळ आणि छातीवर लाल, गळा पिवळा. सापडत नाही, कारण बोलताना तो डोकं इकडेतिकडे वळवतो, त्यामुळे आवाजाची दिशा बदलल्यासारखी वाटते. शिवाय चोच मिटलेलीच असते, फुगतो तो गळा. म्हणून आवाजामागे धावू नका. वड, पिंपळ, उंबराच्या शेंड्याची वाळकी, निष्पर्ण फांदी बघा. कोवळ्या उन्हात तो तिथेच बसतो. त्याचं घर वाळक्या फांदीत कोरलेलं असतं, बहुधा तिरक्या फांदीच्या खालच्या अंगाला, ४-५ सेंटिमीटरचं गोल भोक. बागेतल्या वाळक्या फांद्या सरसकट छाटल्या की तांबटाची जागाच जाते. रस्त्यावर पडण्यासारखी नसेल तर फांदी राहू द्यावी.

दुर्बीण ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) घ्या. १० पटीची हातात थरथरते आणि दिसणारा भागही कमी होतो. आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डावीकडचं चित्र स्पष्ट करा, मग डावा मिटून उजव्या नळीवरची कडी फिरवा. हे न केल्यामुळेच पुष्कळांचं डोकं दुखतं. चष्मा असेल तर डोळ्याकडच्या रबरी वाट्या खाली ठेवा.

पळसमैना: यात एक भर. या दिवसांत फिरण्यापेक्षा फुललेल्या एकाच झाडापाशी अर्धा तास थांबा. पळस, पांगारा, काटेसावर फुलतात तेव्हा झाडावर पानं जवळजवळ नसतात, त्यामुळे आडोसाच राहत नाही. शिंजीर, बुलबुल, साळुंकी, कोतवाल सगळे मधासाठी येतात. भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवेही याच काळात दिसतात; एप्रिल सरता सरता त्या मध्य आशियाकडे परततात. शिंजिराचा नर आता चकचकीत जांभळा-काळा असतो. विणीचा हंगाम संपला की तोच फिकट होतो आणि ओळखायला अवघड जातो.

मार्चमध्ये सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. तिथून साडेआठपर्यंतच खरी गंमत; पुढे उन्हाचा चटका वाढला की पक्षी सावलीत गप्प बसतात. पाण्यावरचे पक्षी बघायचे तर सकाळी पूर्वेच्या काठावर उभे राहा, म्हणजे सूर्य पाठीशी येतो. नाहीतर बदक असो की पाणकावळा, नुसती काळी आकृती दिसते.

होटगी_रोड: मोबाईलवर आवाज वाजवून बोलावलं तर चालेल का?

माळरान: नको. विणीच्या काळात नराला वाटतं, हद्दीत दुसरा नर शिरला. मग तो घरटं, पिल्लांचा चारा सोडून भांडायला येतो. ओळखण्यासाठी मर्लिन या आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या ॲपला फक्त त्याचा आवाज ऐकू द्या. गर्दीच्या रस्त्याकडेला ते चुकतं आणि दयाळ दुसऱ्यांच्या नकला करतो, तेव्हा पक्षी डोळ्यांनी बघूनच नोंद करा.

कोरडा_चैत्र: गच्चीवर पाणी ठेवणार असाल तर पसरट मातीचं भांडं घ्या, पाणी दोन-तीन सेंटिमीटरच आणि मध्ये एक खडबडीत दगड. खोल, गुळगुळीत भांड्यात लहान पक्ष्यांना पाय टेकता येत नाहीत. पाणी रोज बदला आणि भांडं घासा, नाहीतर आठवड्याभरात डास होतात. भांडं सावलीत हवं, पण मांजर दबा धरेल अशा कुंड्यांच्या आडोशाला नको.