तेरा ते एकोणीस: स्वतःचं चित्र काढताना

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररनं १४८४ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, आरशात बघून स्वतःचं चित्र काढलं. चांदीच्या टोकाच्या लेखणीनं, जिची रेघ सहजी खोडता येत नाही. व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात ते आजही आहे. त्या वयात चित्र, गाणं, नाटक यांतून तुम्ही स्वतःला कसं चाचपडलंत? मुलांनीही लिहा, नाहीतर आम्ही मोठे ‘आमच्या वेळी’ करत बसू.

*

मी सोळा वर्षांची. पुरळ यायला लागल्यापासून फोटो काढून घेणं बंद केलं, पण आरशासमोर बसून स्वतःचं चित्र काढते. फोटोत आधी पुरळच दिसतं. काढताना नाकापासून कानापर्यंतचं अंतर मोजावं लागतं, जबडा कुठे वळतो ते बघावं लागतं. त्यात पुरळ म्हणजे एक छटा, बास. प्रत्येकामागे तारीख टाकते. पहिल्या चित्रांत केसांनी अर्धा चेहरा झाकलाय, हल्लीच्यात कपाळ दिसतं. हे मी ठरवून केलेलं नाही. आई विचारते, ‘इतकी उदास का काढतेस गं?’ अगं, एवढा वेळ हसत बसून दाखव!

*

चित्रकला शिकवतो. मुलाची वही घेऊन घाबरलेले पालक येतात: ‘सगळं काळंच काढतो हो.’ कोळशानं काढलंय, काळंच येणार. ‘याचा अर्थ काय?’ विचारलंत की मूल गप्प होतं. ‘हा भाग कसा केलास?’ विचारलंत की बोलत सुटतं. झोप उडाली, जेवण तुटलं, मित्र सुटले, तर मात्र जरूर काळजी करा, समुपदेशकाकडे न्या. रंगावरून निदान करू नका.

*

लहानपणी पेटीच्या काळी चार पट्टीत, म्हणजे उंच सुरात, गायचो. आवाज फुटला आणि तान घेताना मध्येच कोंबडा आरवायचा. बाईंनी गाणं थांबवलं नाही, पट्टी उतरवली आणि खर्जाचा, म्हणजे अगदी खालच्या सुरांचा, रियाज हळू आवाजात करायला सांगितला. काळी एकात स्थिरावल्यावर पहिल्यांदा वाटलं, हा आवाज कुणा मोठ्या माणसाचा नाही, माझाच आहे.

*

शाळेच्या नाटकात सासू झालो होतो. मी मुलगा. लोक हसले, मला लुगड्यात अजिबात अवघडल्यासारखं झालं नाही. एवढंच लिहितो.

*

वरची सोळा वर्षांचीच परत. जुनी चित्रं फाडावीशी वाटतात. कुणी फाडलीत का?

*

फाडली. कागद महागाचा होता, त्याचं वाईट वाटतं.